फसलेला नवस

डिंडोलीतला माझा शेजारी कापडाच्या लूमच्या खडखडाटानं अर्धा बहिरा झालाय, म्हणून देवीशीसुद्धा ओरडूनच बोलतो. त्याचा नवस भिंतीपलीकडून मीही ऐकला होता: "माय, पोरगी वाचू दे, अनवाणी तुझ्या गडावर येईन."

पोरगी गेली. तरी चैत्रात हा अनवाणी निघाला. माझं डोकंच फिरलं. वाट अडवून मी विचारलं, "तुझ्या देवीनं ऐकलं का तुझं? मग कशाला जातोस?"

"ती फिरनी म्हनीसन मी बी फिरू का, भाऊ?" तो गल्लीभर ओरडला.

सोलवटलेल्या पायांनी परत आला आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवला. "तुनी पोरले दे."

असल्या देवीचा प्रसाद मी गटारात फेकणार होतो. तेवढ्यात घरात माझी पोर खोकली. दातओठ खात मी तो तिच्या तोंडात घातला.