पाण्यानं सुटणारी खळ

मिचिको गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून थेट मलाच आला. तिचं या देशात कुणीच नव्हतं, म्हणून तिनं शेजाऱ्याचा, म्हणजे माझा नंबर दिला होता. मी ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो...

तरुणपणी ती जपानहून चित्रकला शिकायला आली आणि इथंच राहिली. शाळेत शिकवून पोट भरलं. बाकी सगळं आयुष्य कनाटा या आमच्या उपनगरातल्या घराच्या बेसमेंटमध्ये कागद फाडून चिकटवण्यात गेलं. कात्री तिला वर्ज्य. ग्रोसरीच्या जाहिरातींचे फ्लायर, चहाची वेष्टणं, आमच्याकडच्या लग्नपत्रिकासुद्धा ती हातानंच फाडायची. तिच्या चित्रात झाड नाही, घर नाही, माणूस नाही. ‘‘हे आहे तरी काय?’’ मी चिडवायचो. ‘‘कागद,’’ ती म्हणायची आणि माझ्यापुढे चहा ठेवायची. चिकटवायला मात्र घरी शिजवलेली गव्हाची खळच. तिचे वडील जुनी चित्रं दुरुस्त करायचे. पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला आपला जोड पाण्यानं सोडवता आला पाहिजे, ही त्यांची शिकवण. माझी बायको सुधा वैतागायची. ‘‘हिला सांगा हो, स्टोअरमधला ग्लू यूज कर म्हणावं. रोज कशाला ढवळत बसायचं?’’

या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, तिचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. सगळी चित्रं बेसमेंटमध्ये तयार होती. मार्चमध्ये ती घसरून पडली आणि हॉस्पिटलात गेली. मागोमाग बर्फ वितळला, बेसमेंटमध्ये झिरपणारं पाणी उपसणारा पंप बंद पडला. तिच्या झाडांना पाणी घालायला मी गेलो, तर बेसमेंटमध्ये घोट्यापर्यंत पाणी आणि त्यावर तिचं सगळं काम तुकड्यातुकड्यांनी तरंगत होतं. मी पायरीवर बसून रडलो.

तिला सांगणं भागच होतं. हॉस्पिटलात जाऊन सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं,

‘‘जोड सगळे सुटले? कागद नाही ना फाटले?’’

‘‘नाही.’’

‘‘मग खळ चांगली झाली होती.’’

त्यानंतर तिनं जेवण सोडल्यातच जमा होतं. गेली तेव्हा डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. मला ते कधीच पटणार नाही.

तिनं दिलेलं एक चित्र आमच्या हॉलमध्ये आहे, काचेशिवाय लावलेलं. तेवढंच उरलं. परवा त्याचा एक कोपरा सुटलेला दिसला. कुकरची वाफ लागली असणार. सुधानं ग्लूची बाटली आणली, जरा वेळ हातात धरली आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

‘‘पाणी किती घालायची हो ती?’’

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून कणकेची खळ शिजवली. गुठळ्या झाल्या. कोपरा अजून तसाच आहे.