वासात बदल नाही

जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या खराब होणार आहे, यावर माझ्या साडभाऊंइतका प्रसन्न विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरकडच्या एका क्रीम-पावडरच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. तिथे त्यांचे काम क्रीम बनवण्याचे नव्हते, विकण्याचेही नव्हते. ते बिघडण्याची वाट पाहण्याचे होते. नवे क्रीम तयार झाले की त्याच्या डब्या काही गरम पेटीत, काही थंड पेटीत आणि काही साध्या कपाटात ठेवायच्या. त्यातल्या काही उभ्या, काही आडव्या, काही चक्क उलट्या. मग दर महिन्याला उघडून पाहायचे, की रंग बदलला का, तेल सुटले का, वास फिरला का, आणि डबीने क्रीमला बिघडवले की क्रीमने डबीला. इतरांना पगार काहीतरी घडवण्यासाठी मिळतो. साडभाऊंना तो काही घडत तर नाही ना, एवढे पाहण्यासाठी मिळाला. निवृत्त होऊन ते गोंदियाला, कुडव्यात, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले आणि तपासणी पुढे चालू राहिली. फरक एवढाच, की आता कारखान्याचा माल नव्हता आणि आम्ही होतो.

त्यांच्या घरात झाकणावर तारीख नाही अशी वस्तू सापडणे कठीण. खोबरेल तेल, दंतमंजन, हळदीचा डबा, देवघरातली अष्टगंधाची डबी, सगळ्यांवर काळ्या मार्करने उघडल्याचा दिवस लिहिलेला. "माह्या कपाळावर नाही लिहिला, हेच नशीब," असे माझी मेव्हणी म्हणते. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये एक बल्ब, एक थर्मामीटर आणि पाण्याची वाटी ठेवून त्यांनी घरगुती गरम पेटी केली होती. मे महिना लागला की मात्र ते बल्ब काढून घेत आणि डब्या सरळ गच्चीवर नेत. "आपल्या गोंदियाले देवानंच गरम पेटीत ठेवलं आहे जी," ते मला म्हणत, "बल्ब कायले जाळायचा?" जिल्ह्याच्या उन्हाचा असा अभिमान बाळगणारा माणूसही मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते कुठल्याही विषयाला लावत: "माल आपून खराब नाही होत जी. डब्बा त्याले खराब करते." नोकरीत असताना आमच्या घरी पहिल्यांदा राहायला आले तेव्हा बायकोने कौतुकाने लिंबाचे लोणचे पुढे केले. त्यांनी लोणचे चाखण्याआधी बरणीचे झाकण बोटाने वाजवून पाहिले आणि रात्रीपुरत्या तीन बरण्या मागून घेतल्या. सकाळी एक उभी, एक आडवी आणि एक उलटी अशा त्या बरण्या दिवाणखान्यातल्या शोकेसवर, बायकोने स्वतः विणलेल्या पांढऱ्या रुमालावर विराजमान होत्या. उलटीने रुमालाचे जे करायचे ते केले होते. "पाहा," साडभाऊ आनंदाने म्हणाले, "झाकन नापास. लोनचं पास." बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी तेही बहुधा कुठेतरी नोंदवून ठेवले असावे.

पुतणीसाठी स्थळ पाहायला गेलो तेव्हा सगळ्यांना मुलगा आवडला. चहा झाला, पोहे झाले, आणि कोणीतरी सहज साडभाऊंचे मत विचारले. "पोरगा चांगला हाय," ते गंभीरपणे म्हणाले, "पन उन्हात ठेवून पाहिला का कोनी?" मुलाच्या काकांचा घास हातातच राहिला. लग्न जमले ते घरी आल्यावर हे ऐकून पुतणीला हसू आवरेना म्हणून. पुढे जावई दोन उन्हाळे तिरोड्याकडे रस्त्याच्या कामावर उभा राहिला, तेव्हा साडभाऊंनी आपणहून त्याला पास केले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. पण तोवर दोन वर्षे त्या बिचाऱ्याला सासुरवाडीत पाय ठेवला की आपण उलटे टांगले जाऊ अशी धास्ती वाटत असे.

अशा माणसाची गाठ देवरीपलीकडच्या चिचगडच्या बायकांशी पडली. तिकडच्या एका बचत गटाने टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलात मेण घालून पायांच्या भेगांचे क्रीम बनवले होते. रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, चिखलात उभे राहून पाय कसे फाटतात हे त्या बायकांना कोणी शिकवायला नको होते, आणि क्रीम खरोखरच गुणी होते. नागपूरच्या एका दुकानदाराने पुढच्या हिवाळ्यासाठी मोठी मागणी दिली, पण अट घातली की माल वर्षभर टिकेल असे कोणा जाणकाराने तपासून लिहून द्यावे. गटाच्या अध्यक्ष सुभद्राबाई माझ्या शाळेतल्या शिपायाच्या मावशी. मी मोठ्या मनाने साडभाऊंचे नाव सुचवले आणि नंतर बरेच दिवस शिव्या खाल्ल्या.

कारण साडभाऊंनी आधी पातळ प्लास्टिकच्या डब्या नापास केल्या. त्यांच्या बाजू आत ओढल्या जात होत्या. मग जाड डब्या नापास केल्या. झाकणातली चकती तेल पिऊन फुगत होती. मग लेबल नापास केले, कारण तेलकट बोट लागले की गटाचे नाव पुसट होई. "भाऊ," सुभद्राबाई एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमचा मलम लोकं पायाले लावतीन का त्याची पूजा करतीन?" झाडीपट्टीतली माणसे बोलताना आडपडदा ठेवत नाहीत, आणि सुभद्राबाई तर त्यातही पुढच्या. साडभाऊंना त्या मनापासून आवडल्या. शेवटी काचेच्या बरण्या ठरल्या आणि डिसेंबरच्या अखेरीस तीन महिन्यांची तपासणी सुरू झाली; गरम पेटीतले तीन महिने म्हणजे कपाटातले एक वर्ष, असा साडभाऊंचा हिशेब होता. दर महिन्याला मी माझ्या जुन्या गाडीतून त्यांना बरण्यांसह चिचगडला न्यायचे, त्यांनी सगळ्या बायकांसमोर झाकण उघडायचे, डोळे मिटायचे, तीन लहान लहान हुंगण्या घ्यायच्या, चौथी मोठी, आणि मग वहीत लिहायचे: वासात बदल नाही. हा विधी इतका पवित्र होता की त्या वेळी पोरेसुद्धा गप्प बसत.

जानेवारीच्या पहिल्याच दिवशी त्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणावर होते, मग उठले, आणि सगळे पहिल्यासारखे झाले असे आम्हाला वाटले. एकदा आमच्याकडे बसले असताना बायकोचे दूध उतू जाऊन जळले. घर धुराने भरले, मी खिडक्या उघडत धावलो, आणि साडभाऊ स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत शांतपणे पेपर वाचत होते. मला गंमत वाटली. वयाबरोबर माणूस शांत होतो, असे मी बायकोला सांगितलेसुद्धा.

मार्चअखेर शेवटची तपासणी होती. मोह वेचायचे दिवस, त्यामुळे बायका दुपारशिवाय मोकळ्या नव्हत्या. सुभद्राबाईंच्या अंगणात मोहफुले वाळत पडली होती आणि त्यांच्या गोड, जड वासाने अंगण नुसते भरले होते. साडभाऊ त्यातून वाट काढत ओसरीवर आले, गरम पेटीतली बरणी त्यांनी पुढे घेतली आणि झाकण फिरवले. मोहाच्या त्या एवढ्या वासालाही मागे सारून खवट तेलाचा भपकारा बाहेर आला. मी दाराशी होतो, मलाही आला. साडभाऊंनी डोळे मिटले. तीन लहान, एक मोठी. वही उघडली. "वासात बदल नाही," ते म्हणाले. "पास."

पास झालेला माल हिवाळ्यात दुकानात जाणार, बरणी उघडताच गिऱ्हाईक नाक मुरडणार, आणि त्या बायकांची पहिलीच मोठी मागणी शेवटची ठरणार, हे ओसरीवरच्या प्रत्येकीला कळत होते. आणि समोर बसलेल्या या माणसाजवळ नाकाशिवाय दुसरी पुंजी नाही, हेही त्यांना कळत होते. एरवी सरपंचालाही तोंडावर सुनावणाऱ्या त्या बायका पदराशी चाळा करत खाली पाहत राहिल्या. मग सुभद्राबाईच म्हणाल्या, "भाऊ, बरनी मस्त हाय. झाकनबी मस्त हाय. पन तेल आमचं चुकलं. मागच्या सालची टोरी मिसरली होती, म्या कबूल नाई केलं. हे पास नोका करू."

मागच्या सालची टोरी खरोखर मिसळली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. साडभाऊंनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

"वास येऊन राहिला का, बाई?"

"येऊन राहिला, भाऊ."

"किती?"

सुभद्राबाईंनी दाराकडे पाहिले. "दारापासून."

साडभाऊंनी पेन काढले, ती ओळ पट्टी लावून खोडली आणि शेजारी नीट अक्षरात लिहिले: माल नापास. तपासणाऱ्याचे नाकही नापास. खाली सही केली, तारीख घातली आणि वही सुभद्राबाईंच्या पुढे सरकवली. "मंग आता दुसरा मानूस पाहा," ते म्हणाले.

"दुसरा कायले?" सुभद्राबाई आपल्या मूळच्या आवाजावर आल्या. "रंग तुमी पाहा, बरनी तुमी पाहा, उलटंपालटं काय करायचं ते करा. वास मी घेतो. मले का नाक नाई?"

तसेच झाले. जूनमध्ये नवी टोरी पडली, ताज्या तेलाचे क्रीम पुन्हा पेटीत गेले, आणि दसऱ्याच्या आधी ते पास झाले. त्या वहीत वासाच्या रकान्यात सुभद्राबाईंची सही आहे, अक्षर मोठे आणि किंचित वर चढत गेलेले. माल वेळेवर गेला. पण मला आठवत राहतो तो त्या मार्चमधला परतीचा रस्ता.

देवरी जवळ आली तेव्हा साडभाऊंनी पिशवीतून दुसरी एक छोटी वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी गाडी कडेला घेतली. वहीत ताप आल्यापासूनचा प्रत्येक दिवस होता. रोज सकाळी कापूर, कांदा, खोबरेल तेल, आणि मेव्हणीने केलेला चहा. प्रत्येकापुढे एकच शब्द: नाही. नाही. नाही. नाही. "तीन महिने पाहू म्हटलं," ते म्हणाले. "नियम तसाच आहे न जी. तीन महिन्यांआधी कोनाले नापास नाही करत. तोवर त्या वहीत अंदाजानं लिहत गेलो, हे चुकलं जी." तीन महिने हा माणूस स्वतःलाच गरम पेटीत ठेवून बसला होता आणि मी त्याला वयाची शांती समजत होतो.

खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला मोहाची झाडे होती, खाली दुपारची चुकार फुले पडलेली. त्यांनी एक उचलून नाकाशी नेले, सवयीने, आणि माझ्या हातात दिले.

"कसा आहे?"

मी गणिताचा मास्तर. वासाचे वर्णन मला काय करता येणार? मी म्हणालो, "येतोय. चांगला आहे."

"चांगला नोका सांगू. दर सालसारखाच आहे का, ते सांगा."

मी पुन्हा हुंगले. तीन लहान, एक मोठी. "दर सालसारखाच आहे," मी म्हणालो.

त्यांनी वही घेतली आणि त्या सगळ्या 'नाही'च्या खाली लिहिले: मोह. वासात बदल नाही. मग तपासणाऱ्याच्या जागी माझे नाव लिहिले आणि सहीसाठी वही माझ्यापुढे धरली.