टेस्टच्या फोनवर आलेलं उत्तर

माझ्या टेबलावर तेव्हा पाच फोन असायचे. एक माझा, बाकीचे कंपनीचे. कंपनी इंदूरची, मी धारला घरी बसूनच काम करायचे. काय काम करतेस असं कुणी विचारलं की "मोबाइलचं काहीतरी" एवढंच सांगून मी आत निघून जायचे.

खरं तर सांगायला ते अवघड नव्हतं. फोन कुठल्याही बनावटीचा असो, सिम कुठल्याही नेटवर्कचं असो, एकाचा मेसेज दुसऱ्याला जसाच्या तसा मिळावा, फोटो अंधुक होऊ नये, ग्रुप मोडू नये, आणि पाठवणाऱ्याला तो पोचला, वाचला हे कळावं, यासाठी एक खुला नियम ठरलेला आहे. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, सगळ्यांनी पाळायचा. आमची कंपनी त्या नियमानं चालणारं मेसेजचं ॲप बनवत होती. मी एका फोनमधलं सिम काढून दुसऱ्यात घालायचे, मेसेज पाठवायचे आणि लांबलचक तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे 'ठीक' किंवा 'नाही' लिहायचे. कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मला ते फार बरं वाटायचं.

महालक्ष्म्या बसायच्या आधीच्या आठवड्यात मी अशीच सिम बदलत बसले होते. आई दारात आली. तिचे हात ओले होते.

"वन्संना आवतण पाठव गं. दरवर्षीचाच मजकूर."

वन्सं म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. देवासला राहते. महालक्ष्म्यांना साड्या नेसवणं, मुखवटे बसवणं, नथी घालणं हे आमच्याकडे तीच करत आली आहे. आईनं घातलेली नथ आरतीच्या आत गळून पडते, हा घरातला जुना विनोद आहे. आवतण पूर्वी कुणीतरी देवासला जाऊन, अक्षत देऊन करायचं. अलीकडे मेसेजवर आलं होतं. पण एक रीत अजून तशीच होती. आवतण एकदाच द्यायचं. पुन्हा विचारायचं नाही. पुन्हा विचारलं म्हणजे पहिलं मनापासून नव्हतं असा अर्थ होतो म्हणे.

मी गेल्या वर्षीचा मजकूर शोधला. मराठी वाचायला मला वेळ लागतो, शाळा इंग्रजी, शेजार हिंदी. मजकूर सगळ्या सवाष्णींना जायचा तोच होता: महालक्ष्म्यांच्या दिवशी सवाष्ण म्हणून जेवायला यावे. मी तो उचलला आणि हातातल्या टेस्टच्या फोनवरून पाठवला, माझं सिम तेव्हा त्यातच होतं. आत्या नेहमीच्या फॅमिली ग्रुपमध्ये राहिली नव्हती, म्हणून साध्या मेसेजमधून पाठवला. तिच्या नव्या फोनात आमच्या नियमाची सोय आपोआपच होती. थोड्या वेळानं 'पोचलं' आलं, मग 'वाचलं' आलं. मी सिम काढलं, माझ्या फोनमध्ये घातलं, आणि टेस्टचा फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. ते फोन दिवसभर गुरगुरतात, म्हणून मी त्यांचा आवाज बंद ठेवायचे.

तिनं ग्रुप का सोडला होता, ते मला त्या क्षणी आठवलं नाही. हे मी आता लिहितेय, पण आजही मला नीट कळत नाही की असं कसं आठवलं नाही. हिवाळ्यात काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले होते. ग्रुपवर दोन दिवस हात जोडल्याची चित्रं येत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी आत्या ग्रुपमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"वाचलंय ना?" आई विचारायची.

"वाचलंय."

"मग झालं. नसेल यायचं त्यांना." असं म्हणून ती मुखवटे पुसायला घ्यायची, आणि पुसलेलेच पुन्हा पुसायची.

मी आईकडे बघत होते. तिला काकांचं माहीत होतं, तेरा दिवस ती देवासलाच होती. मग 'दरवर्षीचाच' म्हणताना तिनं ठरवून म्हटलं होतं, की तोंडातून नुसतं निघून गेलं होतं? विचारायचं माझ्या मनात चारदा आलं. चारही वेळा मी पाणी पिऊन परत आले.

चौथ्या दिवशी तक्त्याच्या पुढच्या ओळींसाठी मी ड्रॉवरमधला फोन काढला. त्यात सिम नव्हतं. घरचं वाय-फाय मात्र चालू होतं. आणि त्यावर आत्याचे दोन मेसेज होते.

पहिला, आवतण गेलं त्याच संध्याकाळचा: "हे सगळ्यांना पाठवलंस की मला?"

दुसरा, दुसऱ्या दिवशी सकाळचा: "चुकून आलं असेल तर राहू दे. वहिनीला काही सांगू नकोस."

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग सुलटा केला. मेसेज तेच होते.

माझा नंबर त्या फोनवर नोंदला गेला होता. मी सिम काढलं तरी ती नोंद सुटली नव्हती, आणि आत्याचा फोन इमानदारीत तिथंच उत्तरं पाठवत राहिला होता. माझ्या तक्त्यात याची स्वतंत्र ओळ होती: सिम काढल्यावर जुन्या फोनवर मेसेज येणं थांबतं का. त्याच आठवड्यात मी तिच्यापुढे 'ठीक' लिहिलं होतं. सिम काढून दहा मिनिटं बघितलं होतं, काही आलं नव्हतं.

इकडे आम्ही समजत होतो की आत्या उत्तर देत नाही. तिकडे ती समजत होती की आम्ही देत नाही.

सांगणं भाग होतं. स्वयंपाकघरात आई-बाबा दोघंही होते.

"पोचलं होतं की नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"पोचलं होतं. उत्तर नव्हतं पोचलं."

"म्हणजे तिनं दिलंच नाही?"

"दिलं. तेही पोचलं. दुसऱ्या फोनवर."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "आणि तुझी कंपनी यासाठी पगार देते?"

आईनं फोन हातात घेतला आणि दोन्ही मेसेज वाचले. दुसरा तिनं दोनदा वाचला असावा, कारण वेळ लागला.

"आई, दरवर्षीचा मजकूर म्हणजे... सवाष्ण म्हणून, तोच पाठवायचा होता ना?"

"दरवर्षीचाच म्हटलं ना मी," ती म्हणाली. हे उत्तर होतं की नव्हतं, मला समजलं नाही.

"मग आता फोन कर तिला," बाबा म्हणाले.

"आवतण दोनदा देत नाहीत."

"पहिलं पोचलं कुठं नीट?"

"पोचलं म्हणतेय ना ही!"

मग त्या दोघांचा पोचणं कशाला म्हणायचं यावर वाद झाला. तो माझ्या ऑफिसच्या मीटिंगसारखाच होता, फक्त इथं कणीक मळणं चालू होतं. शेवटी आईनं वाटीत तांदूळ घेतले. कुंकवाची डबी काढली. उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग चिमूटभर कुंकू घालून तांदूळ चोळले आणि पुडी बांधून माझ्यापुढे धरली.

"तू जा. मेसेज हे आवतणच नव्हतं असं समज. हे पहिलं."

मी कुणाच्या घरी एकटी बोलणी करायला गेल्याचं मला आठवत नाही. इंदूरला बस बदलली. "बैठो दीदी, देवास लगी है," कंडक्टर म्हणाला आणि मागच्याला ओरडला, "भिया, थोडा सरक लो!" मी पुडी मांडीवर धरून मनात वाक्यं जुळवत होते. नोंदणीचं आधी सांगावं की अक्षत आधी द्यावी? कुंकवाची अक्षत तिच्या हातावर ठेवावी की ताटलीत? हे आईला विचारायचं राहून गेलं होतं, आणि मेसेज करून विचारायची मला भीती वाटत होती.

आत्यानं दार उघडलं. मी सगळी वाक्यं विसरले आणि पुडी पुढे केली. तिनं ती उघडून पाहिली. तांदळाचा रंग पाहिला.

"वहिनीनं कालवल्या?"

"हो."

"तिला माहीत आहे ना, कुणासाठी ते?"

"तिनंच पाठवलंय मला." मग मी टेस्टचा फोन काढला आणि तिला तिचेच मेसेज दाखवले, आणि सिमचं, नोंदीचं, ड्रॉवरचं सांगू लागले. तिनं निम्म्यातच हात वर केला.

"म्हणजे तू वाचलेच नव्हतेस."

"आज सकाळी वाचले."

"एवढंच सांग ना मग. बाकीचं राहू दे." ती हसली, पण डोळे पुसूनच आत गेली. परत आली तेव्हा पुडी तिच्या हातात नव्हती. देवापुढे ठेवली की कुठे, मी विचारलं नाही.

चहा झाल्यावर तिनं चष्मा लावला आणि आईला मेसेज लिहायला घेतला, एका बोटानं. मी न बघितल्यासारखं करून बघत होते. तिचा इंटरनेट पॅक संपला होता, म्हणून मेसेज जुन्या पद्धतीनं, नुसता एसेमेस म्हणून गेला. 'पोचलं' नाही, 'वाचलं' नाही.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. आई होती.

"अगं, वन्संचा मेसेज आलाय. 'पण नथी मीच घालणार.' एवढंच आहे. पणच्या आधी काय आहे?"

मराठीतला लांब एसेमेस तुकडे होऊन जातो, आणि कधी कधी मागचा तुकडा आधी येतो. पहिल्या तुकड्यात काय होतं ते मला माहीत होतं: वहिनी, अक्षत मिळाली, मी आदल्या दिवशी येते, जेवायला कुठं बसवायचं ते तू ठरव.

"येतंय आई," मी म्हटलं. "थांब जरा. ते येतंय."

आत्या समोर बसून माझ्याकडे बघत होती. फोनवर आई पहिल्या तुकड्याची वाट बघत होती. आणि जेवायला सवाष्णींच्या पंगतीत की वेगळं, याचं आई काय ठरवेल, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.