पावणीच्या बाटल्यांतलं पाणी

फोन ठेवू नकोस गं, या खेपेला मीच लावलाय. एवढी शिकलीस, पण खुशाली कळवायचं तुला कुणी शिकवलं नाही. दिवाळीला एक फोन, तोही शेजारच्यांच्या घरी, तोही घाईत. मी पिठाचे हात झटकत जाईपर्यंत तुझं बोलणं संपलेलं. आता मी सांगते, तू ऐक. मधे बोलायचं नाही.

तू पहिल्यांदा खोडदच्या वाटेला एसटीतून उतरलीस तेव्हा पाठीवर पिशवी आणि हातात रिकाम्या बाटल्यांचं पोतं. माझ्या धाकट्या जावेनं तुला भंगारवाली समजून फुटका तवा ओट्यावर आणून ठेवला. तू म्हणालीस, "मावशी, मी पुण्याहून आलेय. पर्यावरणावर संशोधन करते. त्यासाठी मला स्कॉलरशिप मिळालीय." सासूबाईंना स्कॉलरशिप म्हणजे शाळेतली ठाऊक, चौथीची आणि सातवीची. त्यांनी तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढी मोठी झाली, आन अजून चौथीतच?"

तू बिचारी तासभर समजावत बसलीस. कॉलेज संपवून पुढं अभ्यास करणाऱ्यांना ही स्कॉलरशिप मिळते, शेतातली खतं पाझरून विहिरीत किती उतरतात ते तुला बघायचंय, असं सगळं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी पानी बघायचं पैसं मिळत्यात. आमी जलमभर भरतोय, आमाला कुणी दिलं न्हाई." पलीकडं खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आभाळाकडं तोंड करून बसलेल्या आणि तू विहिरीत वाकून. वस्तीवरची माणसं म्हणायची, काय राव, शिकल्याली माणसं समोर म्हणून बघत नाहीत.

पण लळा लागला गं तुझा. आमच्या पडवीत राहायचीस, लसणाची चटणी खाऊन डोळ्यातून पाणी काढायचीस आणि परत मागायचीस.

मग तुला तुझ्या सरांनी अचानक पुण्याला बोलावलं. मी तेव्हा माहेरी मंचरला गेलेली, भाचीच्या साखरपुड्याला. तू जावेजवळ बाटल्या दिल्यास, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून, आणि बजावलंस की ज्याच्या त्याच्या विहिरीचं पाणी त्याच्या त्याच्या बाटलीत भरून ठेवा. परत आलीस तर बाटल्या ओट्यावर ओळीनं उभ्या. तू खूश. जावेला चॉकलेट दिलंस. बाटल्या घेऊन गेलीस.

पुढच्या खेपेला आलीस ती तोंड उतरवून. मी पुढ्यात चहा ठेवला, तू हात लावेनास.

"काकू, सगळ्या विहिरींचं पाणी सारखं निघालं. टोमॅटोच्या रानातलं, उसातलं, द्राक्षाच्या बागेतलं, सगळं एकच. आणि सगळं चांगलं. सर म्हणाले, तू घरी बसून एकाच नळाला बाटल्या भरल्यास."

आणि मग हळूच सांगितलंस, की महिन्याभरात खरा अहवाल गेला नाही तर दुसऱ्या वर्षाची स्कॉलरशिप बंद. ती बंद झाली की शिक्षण बंद, कारण घरी वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. एक तर मुलगा पसंतही करून ठेवला होता, आणि तुला त्याच्या मिशा आवडल्या नव्हत्या. मिशांचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही हो.

मी जावेकडं बघितलं. ती चुलीत बघत होती.

"काय गं," मी म्हटलं, "बाटल्या कुठं भरल्या?"

"माळावरच्या विहिरीवर."

माळावरची विहीर म्हणजे मेंढरं राखणाऱ्यांची. तिथं ना ऊस ना टोमॅटो, पाणी खडीसाखरेसारखं. लग्नकार्याला आम्ही तिथूनच आणायचो, कारण आमच्या मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो.

"अगं, पण का?"

"मग काय वैनी, पावणीच्या बाटलीत मचूळ पानी घालू? ते पार पुण्याला जायचं, मोठी मोठी मानसं बघायची. बाटल्या राखंनं घासून घेतल्या व्हत्या मी." आणि वर म्हणते कशी, "सगळ्या बायांनीच सांगितलं. म्हनल्या, आपलं पानी वंगाळ निघालं तर गावात पोरी कोन देईल?"

तू रडायच्या बेतात होतीस ती हसायला लागलीस. मग पुन्हा रडलीस. मग म्हणालीस, "आता पुन्हा भरून द्या, पण खरं."

सासूबाईंनी मान हलवली. "पावण्याला तसलं पानी देता येत न्हाई पोरी. आमच्या हातून व्हनार न्हाई."

"मग मला पावणी धरू नका, आजी."

म्हातारी उठली, खुंटीचा दोर आणि पोहरा काढून तुझ्यापुढं टाकला. "घरच्या लेकीला कोन पानी आनून देतंय? जा, शेंदून आन."

तुझं ते शेंदणं. पहिल्यांदा पोहरा वर आला तो रिकामा, आणि दुसऱ्यांदा दोरच हातातून सुटून पोहऱ्यासकट विहिरीत गेला, तो काढायला जावेला गळ टाकावा लागला. हाताला फोड आले. पण वस्तीवर बातमी फिरली की ती आता लेक आहे, आणि लोकांच्या जिभा सुटल्या. कालपर्यंत "आमी खत टाकतच न्हाई" म्हणणारे बाप्ये विहिरीच्या काठावर बसून सांगायला लागले, टोमॅटोला किती ओततो, कांद्याला किती. बायका आपापल्या फाटलेल्या चहाची गाऱ्हाणी घेऊन आल्या. लेकीपुढं कसली लाज.

त्या खेपेला पाणी खरं निघालं. सगळ्यांत वाईट आमचं. सासूबाई महिनाभर फुगून होत्या, "आमच्याकडं ऱ्हाऊन आमचाच नंबर पहिला काढला." पण तुझी स्कॉलरशिप चालू राहिल्याचा फोन आला तेव्हा घरोघर साखर वाटत त्याच फिरल्या, आणि विचारलं कुणी, की सांगायच्या, "नातीला चौथीची मिळाली."

आता त्यांना दिसत नाही नीट. दारात पाऊल वाजलं की विचारतात, बाटलीवाली आली का. जाऊ म्हणते, आली की तिला माळावरचं पाणी देऊ. मी म्हणते, अजिबात नाही, घरचंच. आता तूच येऊन सांग कुणाचं ऐकायचं ते. कांदे काढून झाले की घरात निवांत असतं, तेव्हा ये. दोर नवा घेतलाय.