दिनूचा हात

दिनू जाऊन महिना होत आला आणि एका कंपनीचं पत्र आलं : तुमच्या प्रोग्राममधला ‘एक हात’ म्हणजे नेमके किती सेंटीमीटर? इतक्या वर्षांचा भागीदार, आणि हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं…

देवबागला खाडी समुद्राला मिळते तिथली वाळू सारखी सरकते. काल होडी सुटली तिथे आज रुतते. दिनू एकेक हातावर खुणा कोरलेला बांबू खुपसून पाणी मोजायचा. मग त्याने होडीवाल्यांनाही तशाच खुणांचे बांबू कोरून दिले, ते रोज मापं पाठवायला लागले, आणि ती फोनवर दाखवणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला. मला तो विकायचा होता. ह्या पठ्ठ्याने तो फुकट वाटला, वर आतलं सगळं लिखाणही कुणीही घ्या, बदला म्हणून नेटवर उघडं ठेवलं. मी चिडलो की म्हणायचा, “रापणीच्या दोरयेक हात लावलो त्येका म्हावऱ्याचो वाटो मिळता. मापां तेंची, मगे तेंकाच कसा विकतलंस?” रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. पोट माझंही होतं रे, दिनू. राग यायचा, अजूनही येतो.

आता ही कंपनी सगळं विकत घेतेय, पण एकटीसाठी. उघडं ते बंद करायचं. पुढे म्हणे एआयच खोली सांगेल, बांबू नको. माझी सही झाली तर सुनंदावहिनींना, दिनूच्या बायकोला, कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा दिनूच म्हणाला, “विकून टाक. हिका कायतरी होया.” मी सुटलो असं वाटलं. दाराशी पोचतोय तर मागून, “आणि सगळ्यांका खुला ठेव हां…” दोन्ही कसं जमायचं? मला वाटलं, उद्या विचारू.

परवा वहिनींच्या ओसरीवर गेलो. दारामागे त्याचा बांबू तसाच उभा. पहिल्या खुणेशी कोपर टेकवलं, तर माझी बोटं दुसऱ्या खुणेला दोन बोटं कमी पडली.

“तेंचो हात लांब होतो,” वहिनी म्हणाल्या.

विकू की नको, मी विचारलं. “भावजी, तुमका बरा दिसात ता करा,” एवढंच म्हणून त्यांनी मापायची टेप आणून दिली आणि चहा ठेवायला आत गेल्या. आकडा कळवला की सही आलीच. मी टेप हातात धरून बसून राहिलो. चहा आला, निवला, तरी ती उघडली नव्हती.