काळ्या काचांचा कागद

खिडकीचे पडदे ओढून मी हे लिहितो आहे. नातवंडं म्हणतात, आजोबांची खोली म्हणजे थिएटर. म्हणू देत. माझी शाळा तिसरीत सुटली. तरी मराठी अक्षर मी लावून वाचतो, हळू का होईना लिहितो, आणि अडाणी म्हटलेलं मला तेव्हाही चालत नव्हतं, आजही चालत नाही.

आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, मिठागरांच्या कडेला. उन्हात चमकणाऱ्या मिठात लहानपणी मी दंताळं ओढलंय, तेव्हा डोळ्यांना कधी काही झालं नाही. डोळे गेले ते सौदीत, जुबैलला. तिथे पहिली सात वर्षं मी वेल्डिंग केलं. काळी काच धरायला एक हात अडकतो, म्हणून आमच्यातले बरेच जण काच बाजूला ठेवून, तोंड फिरवून टाका मारायचे. मीही मारायचो, आणि माझा टाका सरळ यायचा. कामावरून आल्यावर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. मग बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवून पडून राहायचं. सकाळपर्यंत उतार पडायचा, म्हणून दवाखान्याची वाट कुणी धरली नाही.

पुढे मी लायसन्स काढलं आणि कंपनीने मला बारा माणसांची व्हॅन दिली. स्टिअरिंगवर बसलेला फोटो काढून मी गावी पाठवला. आमच्या गावात वेल्डर पुष्कळ होते, परदेशात गाडी चालवणारा मी पहिला. बायकोने तो फोटो काचेत बसवून दारासमोरच्या भिंतीवर लावला.

पण त्या रस्त्याची एक खोड होती. कारखाना समुद्राच्या बाजूला, कॅम्प आत. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी परतताना पुन्हा समोर. दोन्ही बाजूंना खारट, पांढरी जमीन. उजेड वरून यायचा, खालूनही यायचा. काळा चष्मा लावला तरी कडेने आत घुसायचा आणि समोरचं सगळं दुधासारखं होऊन जायचं. म्हणून मी व्हॅनच्या काचांना काळी फिल्म लावून घेतली होती. बाजूच्या काचांना पूर्ण, पुढच्या काचेला वरून हातभर. त्या काळोखात मला नीट दिसायचं. कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं.

मग इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. जुबैलच्या रस्त्यावर रणगाडे लादलेल्या ट्रकांच्या रांगा लागल्या. बंदरात परदेशी फौजा उतरू लागल्या. कॅम्प आणि कारखाना यांच्यामध्ये चेकपोस्ट बसली, वाळूने भरलेल्या पोत्यांची, आणि तिथले शिपाई काळ्या काचांची गाडी दिसली की बंदूक खांद्यावरून काढून हातात घ्यायचे. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसलंच पाहिजे, असा हुकूम निघाला. मुरूर, म्हणजे तिथलं ट्रॅफिकचं ऑफिस, फक्त डॉक्टरांचा कागद असेल तर सूट द्यायचं. आमच्या सुपरवायझरने सांगितलं, शनिवारपर्यंत कागद आण नाहीतर ब्लेडने फिल्म खरवड. खरवडायला त्याला काय जात होतं? फिल्म गेली की मला दिसणार नव्हतं, आणि मला दिसत नाही हे कळलं की व्हॅन गेली. व्हॅन गेली की मी पुन्हा कुणाचा तरी हेल्पर, नाहीतर एका सहीवर घरी.

मी एका सरकारी दवाखान्यात गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई निघाल्या आपल्या विदर्भाकडच्या. मराठी ऐकून बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण हिंदीत जे टोलवता येतं ते मराठीत टोलवता येत नाही. त्यांनी मशीनला माझी हनुवटी टेकवली आणि दोन्ही डोळे आळीपाळीने बघितले.

"काका, वेल्डिंग किती वर्षं केलं?" त्यांनी विचारलं. मी काही न सांगता त्यांना कळलं होतं.

मी सात म्हणालो. त्या म्हणाल्या, बुबुळांवर जुने व्रण आहेत, उजेड त्यांच्यावर आपटून फुटतो, म्हणून सगळं पांढरं दिसतं. औषधाने जाणार नाहीत. मग लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली.

"गाडी स्वतः चालवता?"

"कंपनीच्या गाडीने जातो," मी म्हणालो. त्यात शब्दाने खोटं काही नव्हतं.

त्यांनी इंग्रजीत पानभर लिहिलं, शिक्का मारला. वरच्या भागात काचांच्या सवलतीचं आहे, म्हणाल्या, पण खालचं जास्त महत्त्वाचं आहे, ते समजावून सांगते. बाहेर बाकावर आमच्या कंपनीची दोन माणसं बसलेली होती आणि दार उघडं होतं.

"बाई, मला वाचता येतं."

"इंग्रजी?"

"येतं म्हटलं ना."

त्यांनी कागद पुन्हा ओढून घेतला, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि मग माझ्या हातात दिला.

आता कुणी म्हणेल, खोलीवर जाऊन कुणाकडून वाचून घ्यायचा. पण आमच्या खोलीची रीत वेगळी होती. आम्ही आठ जण एकाच किनाऱ्याचे. त्यातला एक स्टोअरकीपर दहावी झालेला, त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. कुणाचंही पत्र आलं, कफीलचा, म्हणजे तिथल्या मालकाचा, कागद आला, की जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवून मास्तर तो मोठ्याने वाचायचा. बायकोने लिहिलेलंसुद्धा. वाचताना चेष्टा व्हायची, पण लपवाछपवी नसायची. बाजूला घेऊन वाचून घेतलं, तर सगळे समजायचे की याच्या घरी काहीतरी विपरीत घडलंय. त्या कागदावर माझ्या डोळ्यांचं लिहिलेलं होतं आणि ऐकणारे सातही जण रोज माझ्या व्हॅनमधून जाणारे. मी कागद चौघडी करून इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, पाकिटात ठेवला.

मुरूरमध्ये त्या दिवसांत झुंबड होती. कारकुनाने वरच्या चार ओळी वाचल्या, शिक्का उमटवला, खलास. चेकपोस्टवरही तेच. शिपाई दोन्ही शिक्के बघायचा, हात हलवायचा, यल्ला, चला. मास्तर एकदा म्हणाला, "भाय, दाखव तरी, काय जादू लिवलीय त्याच्यात." मी म्हणालो, जादू वाचली की उतरते. सगळे हसले.

जानेवारीत क्षेपणास्त्रं पडू लागली. विषारी वायूच्या धास्तीने खोलीच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली. माझी खोली तेव्हापासून अशीच, म्हटलं तर. कामं मात्र चालू राहिली. असंच एका सकाळी चेकपोस्टच्या अलीकडे ऊन पुढच्या काचेच्या खालच्या भागात आलं, जिथे फिल्म नव्हती. सगळं पांढरं झालं. मी रोजच्या अंदाजाने गाडी नेत राहिलो. त्या पांढऱ्यात एक काळी रेघ हलली आणि मी ब्रेकवर उभा राहिलो. शिपाई होता. त्याचा पसरलेला हात बॉनेटला टेकला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मागे कुणाचा तरी डबा सांडला. मी म्हणालो, ब्रेक सैल झालाय, दाखवून घेतो. गॅरेजवाल्याने ब्रेक बघितला आणि म्हणाला, ब्रेकला काय धाड भरलीय? मी त्याला खोटारडा म्हणालो.

त्या दिवशी संध्याकाळी मी पाकिटातून कागद काढला. खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. आकडे ओळखता आले, बाकी नाही. पुन्हा चौघडी केली.

लढाई संपली असं रेडिओने सांगितलं, पण आमच्या आकाशाला कुणी कळवलं नव्हतं. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. वारा उत्तरेचा सुटला की धूर आमच्यावर यायचा. एके दिवशी सकाळी असा आला की सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला, त्याच्याकडे मी उघड्या डोळ्यांनी बघू शकलो. मग तोही गेला. रस्त्यावरचे दिवे लागले. काचेवर काळे, तेलकट ठिपके पडत होते, वायपर फिरवला की पसरायचे. मागे सगळे तोंडाला रुमाल बांधून बसले होते, कुणीतरी कलमा पुटपुटत होता. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. कित्येक वर्षांनी डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. लोकांचा देश जळत होता आणि मी आरामात बघत होतो.

चेकपोस्टवर त्या दिवशी एक अधिकारी उभा होता. त्याने टॉर्च काचेवर मारला, आतलं काही दिसेना. आकाशाकडे बोट दाखवून त्याने मला काहीतरी विचारलं. ते समजायला अरबी लागत नव्हती, अशा अंधारात तुला काळ्या काचा कशाला? मी पाकीट काढलं. त्याने शिक्के बघितले आणि मग, आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं, टॉर्च धरून कागद शेवटपर्यंत वाचला. वाचून माझ्या हातांकडे बघितलं. हात स्टिअरिंगवर होते.

त्याने चावी काढून घेतली. कागद खिडकीतून आत धरून विचारलं, इंग्रजी कोण वाचतं? मास्तर पुढे सरकला. त्याला मोठ्याने वाचायचीच सवय.

आधी इंग्रजीत वाचलं. मग थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या भाषेत सांग की."

"काचा काळ्या ठेवायला मुभा आहे," मास्तर म्हणाला. "पेशंटने मागच्या सीटवर बसावं. दिवसाउजेडी त्याने गाडी चालवू नये. समोरचा माणूस त्याला दिसणार नाही."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं होती. मागून नुसता आवाज आला, "तो शिपाई..."

मास्तरकडे स्टोअरच्या पिकअपचं लायसन्स होतं. अधिकाऱ्याने चावी त्याला दिली. मी उतरलो, मागचं दार उघडलं. ज्याचा डबा त्या सकाळी सांडला होता, त्याने सरकून जागा दिली. मी माझ्याच काळ्या काचेपाशी बसलो. थोडं पुढे गेल्यावर मास्तरने गाडी हळू केली आणि उजवीकडे घेतली. का घेतली ते मला कळलं नाही. बाजूने दिवे न लावलेला एक लष्करी ट्रक गेला, तेव्हा कळलं.

धुरामुळे त्या दिवशी पाळी दुपारीच सुटली आणि आम्ही खोलीवर आलो. जेवण कुणाला जात नव्हतं. मास्तरने कागद आणून माझ्या गादीवर ठेवला.

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

"राहू दे ना, भाय."

"रीत आहे. सगळ्यांसमोर वाच."

त्याने वाचलं. काचांचं वाचलं, मागच्या सीटचं वाचलं, समोरच्या माणसाचं वाचलं. आणि कागद घडी करू लागला. मी त्याचा हात धरला. बाईंनी शेवटी लिहिलेली ओळ बाकी होती, ती मी बोटाने ओळखत होतो.

मास्तरने माझ्याकडे बघितलं नाही. हळू आवाजात वाचलं, तसं त्याने कधीच काही वाचलं नव्हतं.

"पेशंट सांगतो की तो गाडी चालवत नाही. त्याला वाचता येतं, आणि वरचं सगळं समजलं आहे, असंही सांगतो."

"व्हॅनमध्ये का नाही वाचलंस हे?"

"अधिकाऱ्याला वरचंच पाहिजे होतं," मास्तर म्हणाला.

खिडकीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बाहेर वारा फिरला असावा, कारण पट्टीच्या एका फटीतून ऊन आत आलं आणि सरळ माझ्या गादीवर पडलं. मी डोळे मिटले नाहीत. माझ्यासमोर सात माणसं बसली होती, एवढं मला ठाऊक होतं. दिसत त्यातलं एकही नव्हतं.