मीन-रायर

मद्रास शहरात सबंध आयुष्य काढून ज्याने समुद्राकडे एकदाही धड पाहिलं नाही, असा माणूस मी एकच पाहिला. आणि तो माशांचा अभ्यासक होता. ते आमचे घरमालक. ट्रिप्लिकेनच्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी वारा ओठांना खारट लागायचा, पण संध्याकाळी सगळं गाव वाळूवर हवा खायला निघालं की हे गृहस्थ छत्री काखोटीला मारून बरोबर उलट्या दिशेला चालू लागत. एकदा मी न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "समुद्र मोठा आहे की. त्याला पाहायला अस्के जातात. तळ्याला कोण आहे?" अस्के म्हणजे सगळे. तंजावरकडच्या मराठी लोकांचा हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एकोणीसशे साठच्या आगेमागे अंबत्तूरच्या एका कारखान्यात मला ड्राफ्ट्समनची नोकरी लागली आणि मी साताऱ्याहून ट्रंक घेऊन थेट त्यांच्या ओसरीवर उतरलो. "आपण साताऱ्याहून येणें केलें की?" त्यांनी विचारलं. एखाद्या जुन्या दफ्तरातला कागद उठून बोलू लागावा अशी ती मराठी, आणि तिला तमिळचा हेलकावा. मी हो म्हणालो. आता घरदार, नोकरी, जातगोत विचारतील म्हणून मी सावरून बसलो, तर पुढचा प्रश्न आला, "कृष्णेत पाणी कसें आहे?" मी म्हणालो, बरं आहे. "बरं म्हणजे काय? नितळ की गढूळ? तळाशी वाळू की गोटे?" मला काही सांगता येईना. नदीकाठी वाढलेल्या माणसाला एवढंही माहीत नसावं याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की, मला वाटतं, केवळ दयेपोटी त्यांनी मला मागची खोली दिली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'सातारकर' झालो.

तांबरमच्या बाजूला एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. ते पोटासाठी. बाकीचा प्राण गोड्या पाण्यातल्या माशांत. घरात माणसं तीन, ते, काकू आणि लग्नाला आलेली मुलगी. पण बरण्या, कुंड्या, परळ आणि काचेच्या पेट्या मोजायला बसलं तर दुपार व्हायची. माणसांचा उल्लेख ते एकेरीत करत, माशांचा मात्र कायम आदरार्थी. "कॉलेजचा प्रिन्सिपॉल आला होता," असं म्हणत आणि लगेच पुढे, "हे मरळ आज जेवले नाहीत." एका पावसाळी दुपारी आम्ही पानावर बसलो असताना एक काळपट मासा आपल्या कल्ल्यांवर रेटत रेटत, कुंडीतून निघून, पडवी ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. तमिळमध्ये त्याला ताडावर चढणारा म्हणतात. काकू सोवळ्यात होत्या. त्यांनी आमटीची पळी खाली ठेवली, दोन पावलं मागे सरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमचे कोणी आलेत."

या घरात मासा कधी शिजला नाही, शिजणंही शक्य नव्हतं. पण रोज सकाळी कपाळावर गंध लावलेले आमचे मालक मासळीबाजारात हजर असत. ते भाव विचारत नसत, पत्ता विचारत. हा कुठल्या एरीतला? एरी म्हणजे तिकडचं मोठं तळं. कोणत्या बांधाकडून? जाळं केव्हा टाकलं होतं? कन्नम्मा नावाची एक कोळीण होती, तिच्याशी त्यांचं नित्य भांडण. "रायर," ती तमिळमध्ये ओरडायची, "मी मासे विकते, यांच्या जन्मपत्रिका ठेवत नाही!" तिकडे मराठी ब्राह्मणाला रायर म्हणतात. तिनेच त्यांचं नाव मीन-रायर ठेवलं, आणि ते गल्लीपासून कॉलेजपर्यंत पसरलं. तेही त्या नावाला ओ देत.

त्यांना जगात एकाच माशाचा राग होता. आफ्रिकेतून आणून तळ्यातळ्यांत सोडलेला हा मासा भराभर वाढायचा आणि दुसऱ्याला जागा ठेवायचा नाही. मद्रासच्या लोकांनी त्याचं नाव का कोण जाणे 'जिलेबी' ठेवलं होतं. त्याचा परिणाम असा की पुढे एका नातेवाइकाच्या लग्नात वाढप्याने "जिलेबी, जिलेबी" करत यांच्या पानासमोर ताट धरलं, तेव्हा हे कडाडले, "नांव काढूं नकोस! त्याने आमचीं अस्कीं तळीं खाल्लीं!" तो बिचारा वाढपी ताट छातीशी धरून भिंतीला टेकला.

मी ड्राफ्ट्समन आहे हे कळल्यावर माझे रविवार संपले. त्यांच्या वहीसाठी माशांची चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं. "सातारकर, ह्या रांगेंत एक खवला कमी आहे," असं म्हणून ते रबर पुढे करायचे. मी म्हणायचो, एका खवल्याने काय बिघडतं? "तुमच्या यंत्राच्या चित्रांत एक दांता कमी काढून पाहा की." मग मी रबर घ्यायचो. त्यांचा लाडका मासा बोटाच्या पेराएवढा होता. रुपेरी अंग, शेपटीपाशी काळा ठिपका आणि उन्हात धरला तरच दिसणारी एक तांबूस रेघ. पूर्वी तो चार-पाच तळ्यांत सापडायचा, आता फक्त एकात उरला होता, असं ते सांगत. ते तळं आमच्या कारखान्याच्या कुंपणामागे होतं. म्हशी डुंबायच्या, कमळं होती, एवढंच. मी दोन वर्षं खिडकीतून ते पाहत होतो, पण त्यात काही राहतं हे मला ठाऊक नव्हतं.

आणि मग एका उन्हाळ्यात नव्या शेडचा आराखडा माझ्याच टेबलावर आला. तळ्याच्या जागी भराव दाखवायचा होता. मी तिरक्या रेघा मारून तो दाखवला. रेघा सरळ आल्या. घरी मात्र ते तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. रायरांनी हातातला घास पानात परत ठेवला. "रेघा तुम्हीच काढिल्या?" मी मान हलवली. त्यांना रागावता आलं असतं. ते नुसतं म्हणाले, "किती दिवस आहेत?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर कारखान्यात आले. मॅनेजर सज्जन होता, त्याने खुर्ची दिली, कॉफी मागवली, वहीतली चित्रं पाहिली, आणि मग मनापासून विचारलं, "सर, एवढाच मासा? हा कोण खातो?" रायर म्हणाले, "कोणी नाही. म्हणून तर." मॅनेजरला ते समजलं नाही, पण तळं उपसायला पंप लावण्याआधी त्याने आठ दिवस दिले.

पंधरवड्यावर मुलीचं लग्न आलं होतं. घरात मांडवाची, आचाऱ्याची बोलणी चाललेली, आणि वधूपिता धोतर खोचून अंबत्तूरच्या चिखलात उभे. तांबरमपलीकडे एका खेड्याच्या देवळामागे एक जुनी पुष्करिणी होती, जिलेबी अजून न पोचलेली. तिथे हे मासे न्यायचे ठरलं. पहिल्या खेपेला आम्ही मोठ्या डब्यात शंभरएक मासे भरले, अंबत्तूरहून रेल्वेने सेंट्रल स्टेशनला उतरलो, चालत जाऊन तांबरमची गाडी पकडली, आणि खेड्यात झाकण उघडलं तर सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. रायर पायरीवर बसले. मग एकेक उचलून मोजू लागले.

सकाळी बाजारात कन्नम्माने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "पुस्तक शिकलेले तुम्ही! उन्हात, पत्र्याच्या डब्यात, तेही झाकण लावून? रुंद तोंडाचं भांडं घ्या, त्याला ओला कपडा गुंडाळा, मासे थोडे घाला, आणि वाटभर हाताने पाणी हलवत राहा." मग थांबून म्हणाली, "मी येते. तुम्हाला जमायचं नाही."

प्रश्न भांड्याचा होता. लग्नासाठी काकूंनी माहेरचं पितळी घंगाळ घासून, हळदकुंकू लावून ठेवलं होतं. त्याला हात लावायची रायरांचीही छाती नव्हती. आम्ही मातीची मडकी शोधत असताना काकू ते घंगाळ स्वतः उचलून ओसरीवर घेऊन आल्या. "अहो, ह्यांत सोवळ्याचं पाणी असतं," रायर चाचरत म्हणाले. "ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "लेक एका घरून दुसऱ्या घरीं जात्ये, त्यासाठींच काढलें होतें. हेहि तेंच की." आणि आत निघून गेल्या.

सहा दिवस आम्ही तिघं त्या घंगाळाभोवती बसून गाडीने गेलो. कन्नम्मा पाणी हलवायची, रायर मोजायचे, आणि मी रेल्वेच्या डब्यातल्या लोकांची थट्टा ऐकून घ्यायचो. बरेच मेले, बरेच पोचले. आठ दिवस संपले आणि पंप सुरू झाला. लग्न ठरल्याप्रमाणे लागलं. कन्यादानाच्या वेळी रायरांच्या नखांत अजून चिखल होता.

पुढे दोन पावसाळे ते दर आठवड्याला त्या पुष्करिणीवर जात आणि परत येऊन छत्री खुंटीला लावत. काकू विचारत नसत, मीही नाही. आजही एक मासा दिसला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. नंतर मला पुण्यात नोकरी मिळाली. निघताना त्यांनी एवढंच म्हटलं, "मुठेचें पाणी कसें आहे तें कळवा." मी कधी कळवलं नाही.

मासे नेल्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांचं कार्ड आलं. अक्षर हललेलं होतं. प्रकृती, घर, मुलगी यांबद्दल एक ओळ नव्हती. लिहिलं होतं: "काल सकाळीं पायरीपाशीं सातजण दिसले. अगदीं लहान आहेत. म्हणजे ते आपण नेलेले नव्हेत. तिथेंच जन्मलेले."

मी ते कार्ड घेऊन दारात आलो. घरात माणसं होती, शेजारी होते, समोरून ओळखीचे लोक जात होते. कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. पण त्या सातजणांची बातमी ज्याला सांगितली असता समजली असती, असा एकही माणूस माझ्या ओळखीत पुण्यात नव्हता.